कॅमेऱ्याचा अँगल आणि पात्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिनेमा रसास्वादाचे वर्ग घेते आणि पहिलीवहिली शॉर्ट फिल्म करणाऱ्या मुलामुलींचं फुटेज त्यांच्यासोबत बसून बघते. त्यांच्याकडून आणि वर्गाला येणाऱ्या प्रेक्षकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचता येईल. उत्तरं एकमेकांत गुंतली असतील तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘फँड्री’, ‘कोर्ट’, ‘सिटिझन केन’ आणि ‘सायको’ पाहिले नसतील तर आधी पाहा, कारण खाली त्यांतले महत्त्वाचे प्रसंग येतात.

१. अँगल म्हणजे नेमकं काय? क्लोजअप, लाँग शॉट हे अँगलच ना?

क्लोजअप, मिड, लाँग ही शॉटची मापं आहेत. माणूस फ्रेममध्ये किती दिसतो, एवढंच ती सांगतात. कॅमेरा त्या माणसाकडे कुठून बघतोय, हे अँगल सांगतो. त्यात कॅमेऱ्याची उंची येते, त्याची मान वर आहे की खाली हे येतं, तो समोर उभा आहे, बाजूला आहे की पाठीमागे हे येतं, आणि तो एका अंगावर कलंडला आहे का, हेही येतं. एकाच मुलीचा क्लोजअप तिच्या समोरून घ्या, मग खांद्यामागून घ्या. चेहरा तेवढाच मोठा ठेवला तरी पहिल्या शॉटमध्ये ती आपल्याशी बोलते आणि दुसऱ्यात आपण तिचं बोलणं चोरून ऐकतो.

२. कॅमेरा खाली ठेवला की तो लो अँगल झाला का?

आपोआप होत नाही. उंची आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. कॅमेरा खाली ठेवून मान वर केली, तर लो अँगल. कॅमेरा खाली ठेवला पण नजर सरळ समोर ठेवली, तर परिणाम पूर्ण वेगळा.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) बघा. तातामीवर, म्हणजे जपानी घरातल्या चटईवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षाही त्यांचा कॅमेरा खाली असतो, बहुतेक वेळा ५० मिलिमीटरच्या लेन्सवर, आणि जवळजवळ हलतच नाही. तरीही त्यातलं कुणी बलाढ्य दिसत नाही. उभं राहून वावरणाऱ्या मुलांच्या घरात आलेले म्हातारे आईवडील जमिनीवर बसून आहेत आणि आपण त्यांच्याच जमिनीवर बसलो आहोत, एवढंच जाणवत राहतं. पंगतीत बसल्यावर वाढणाऱ्यांचे आधी पाय दिसतात, मग हात. ती उंची आपल्याला ओळखीची आहे.

३. आय लेव्हल हा तटस्थ अँगल आहे, असं वाचलं. मग तो कधीही वापरला तर चालतो ना?

आधी विचारा, डोळ्यांची पातळी कोणाची? व्यवहारात ती बहुतेकदा कॅमेरा धरणाऱ्याची असते, आणि कॅमेरा धरणारा बहुधा उभा असलेला तरुण माणूस असतो.

एका वर्गात मुलांनी एका आजींना तांदूळ निवडताना शूट केलं होतं. आजी ओट्याखाली फरशीवर बसलेल्या, मांडीसमोर सूप. मुलं उभ्यानेच शूट करत होती. फुटेजमध्ये दिसले ते आजींचा भांग, सुपाची कड आणि खूपशी फरशी. चेहरा जवळजवळ नाहीच, त्यामुळे ‘बिचारी म्हातारी’ एवढाच अर्थ त्यातून निघत होता. दुसऱ्या दिवशी मोबाइल एका पाटावर उशी ठेवून टेकवला, आजींच्या हनुवटीच्या उंचीवर. आता सूप समोर आलं, खडा सापडल्यावर थबकणारी बोटं दिसली आणि मान न वळवता नातवाला हाक मारणाऱ्या आजी दिसल्या. घर कोण चालवतं, ते त्या एका शॉटमध्ये कळलं. संवाद एकही बदलला नव्हता.

म्हणून आय लेव्हल हवा असेल तर तो पात्राचा धरा. मुलांच्या गोष्टीत हे फार महत्त्वाचं असतं. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई.टी.’मध्ये (१९८२) कॅमेरा मुलांच्या उंचीवर राहतो आणि बराच वेळ मोठ्या माणसांचे, मुलांची आई सोडल्यास, चेहरेच दिसत नाहीत. दिसतात ते कंबरेखालचे पाय आणि कंबरेला खुळखुळणाऱ्या किल्ल्या.

४. लो अँगलने पात्र ताकदवान दिसतं, हे खरं का?

बरेचदा खरं आहे, आणि त्याला कारण आहे. लहानपणी आपण सगळ्यांनी मोठ्या माणसांकडे मान वर करूनच बघितलेलं असतं. शिवाय कॅमेरा खालून वर बघतो तेव्हा क्षितिज खाली जातं, माणसामागचं सामानसुमान फ्रेमबाहेर पडतं आणि त्याच्यामागे नुसतं आभाळ उरतं. ‘शोले’मधला (१९७५) गब्बरचा प्रवेश आठवा. छायालेखक द्वारका दिवेचा यांचा कॅमेरा जमिनीलगत आहे. आधी दिसतात ते बूट आणि खडकावरून घासत जाणारा पट्टा. चेहरा पुष्कळ उशिरा येतो. तोवर आपली नजर त्याच्या पायाशी राहिलेली असते, त्यामुळे भीती आधीच बसलेली असते.

पण इथे एकटा लो अँगल काम करत नाही. पट्ट्याचा आवाज, चेहरा लपवणं आणि समोर गप्प उभी असलेली टोळी, हे सगळं मिळून तो परिणाम होतो. नुसता मोबाइल खाली धरून तुमचा खलनायक गब्बर होणार नाही.

५. मग हा नियम कुठे मोडतो?

याचं माझ्या मते सर्वांत मोठं उदाहरण ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ (१९४१) आहे. गव्हर्नरपदाची निवडणूक केन हरतो. रात्री रिकाम्या कचेरीत त्याचा जुना मित्र लिलंड दारू पिऊन येतो आणि मनात साचलेलं सगळं बोलून टाकतो. पुस्तकी हिशेबाने इथे हरलेल्या केनला वरून, लहान करून दाखवायला हवं. वेल्स आणि छायालेखक ग्रेग टोलंड यांनी नेमकं उलट केलं. कॅमेरा इतका खाली हवा होता की सेटच्या जमिनीत खड्डा करून तो आत उतरवावा लागला. केनचे पाय खांबासारखे दिसतात, देह अवाढव्य दिसतो आणि डोक्यावर छत येतं.

ते छतच सगळं बोलतं. त्या काळी स्टुडिओच्या सेटला बहुधा छत नसायचं, कारण दिवे वर टांगलेले असत. टोलंड यांनी मलमलीचं छत ताणलं आणि त्यावर माइक ठेवले. त्यामुळे हा प्रचंड माणूस मोकळ्या आभाळाखाली उभा नाही, तो त्याच्याच कचेरीत चेपला गेला आहे, असं आपल्याला दिसतं. त्याचा अहंकार तेवढाच आहे, पण त्याला वर जायला जागा उरलेली नाही.

म्हणून लो अँगल लावताना पात्रामागे काय येतंय ते आधी बघा. आभाळ आलं तर माणूस मोकळा होतो, छत आलं तर कोंडला जातो.

६. हाय अँगल आणि टॉप अँगलने पात्र दुबळं दिसतं, हे तरी पक्कं आहे का?

तेही नाही. वरून बघितल्यावर माणूस लहान होतो आणि जमीन मोठी होते, हे खरं. पण वरून सगळी रचना दिसते, वाट कुठे बंद होते तेही दिसतं. त्यामुळे कधी पात्राची कीव येते, तर कधी त्याला न दिसणारी गोष्ट आपल्याला कळते.

कधी कधी कारण साधं असतं, काहीतरी लपवायचं असतं. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’मध्ये (१९६०) डिटेक्टिव्ह जिना चढून वर येतो आणि कॅमेरा एकदम छताला जातो. वरून त्याच्यावर हल्ला होताना दिसतो. हिचकॉक यांनी त्याची दोन कारणं दिली होती. एक म्हणजे हल्ला करणाऱ्या आईचा चेहरा दाखवायचा नव्हता, आणि तिला पाठमोरी दाखवली असती तर काहीतरी लपवलं जातंय असा संशय आला असता. दुसरं म्हणजे या लांबच्या, लहान आकृतीनंतर लगेच डिटेक्टिव्हच्या चेहऱ्याचा मोठा क्लोजअप आदळतो. त्या उडीचाच धक्का बसतो. म्हणजे तिथला टॉप अँगल पुढच्या शॉटसाठी आहे.

ड्रोनच्या शॉटबद्दलही विचारलं जातं. गावाचा ड्रोन शॉट सुंदर दिसतो, पण तिथून बघणारं कोण आहे, याचं उत्तर तुमच्या गोष्टीत नसेल तर तो जाहिरातीसारखा वाटतो.

७. कॅमेरा तिरका धरायचा, तो डच अँगल कधी वापरावा?

जग सरळ राहिलेलं नाही, असं पात्राला वाटत असेल तेव्हा. कॅरल रीड यांच्या ‘द थर्ड मॅन’मध्ये (१९४९) दुसऱ्या महायुद्धानंतरचं व्हिएन्ना आहे. शहर चार सत्तांत वाटलेलं, आणि तिथे आलेल्या अमेरिकन लेखकाला धड भाषाही येत नाही. छायालेखक रॉबर्ट क्रॅस्कर यांनी फ्रेम इतक्या वेळा कलंडवली आहे की जिने, कमानी, माणसं सगळी घसरतील असं वाटतं. या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी मात्र चित्रपट पाहून रीड यांना गवंडी वापरतात तशी पाणसळ भेट पाठवली होती. एवढा तिरकेपणा जास्त झाला, असं त्यांना वाटलं असावं. तुमच्या पंधरा मिनिटांच्या फिल्ममध्ये असा शॉट एकदा वापरा, तोही आजूबाजूचे शॉट काटेकोर सरळ ठेवून. सगळंच तिरकं असेल तर प्रेक्षकाची मान तशीच बसते आणि अर्थ संपतो.

८. पात्र जसं बदलत जातं तसा अँगलही बदलत नेता येतो का?

येतो, आणि अँगलचा हा मला सर्वांत आवडणारा उपयोग आहे. सिडनी ल्युमेट यांचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) जवळजवळ संपूर्ण एका खोलीत घडतो. बारा ज्युरी, एक टेबल, उकाडा. पहिला एक तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून चित्रित केला आहे, दुसरा पातळीवर आणि शेवटचा पातळीच्या खालून. सोबत लेन्सही लांब, म्हणजे दूरचं जवळ ओढणारी, होत जाते, त्यामुळे भिंती पाठीशी आल्यासारख्या वाटतात आणि शेवटी शेवटी छतही दिसायला लागतं. खोली तीच, पण श्वास घ्यायला जागा उरत नाही. निकाल लागल्यावर ज्युरी बाहेर पडतात, तेव्हा वाइड लेन्सवर, वरून घेतलेला उघड्यावरचा शॉट येतो आणि आपण मोकळा श्वास घेतो.

हे पाहताना कुणाला कळत नाही, आणि तेच योग्य आहे. छायालेखक बोरिस कॉफमन यांनी एका शॉटला अर्थ दिला नाही. अर्थ शॉटांच्या चढणीत आहे. घरी करून पाहायचं असेल तर सासू-सुनेचा एकच प्रसंग घ्या. सुरुवातीला कॅमेरा सासूबाईंच्या डोळ्यांच्या उंचीवर, सून जमिनीवर. सून उठून उभी राहील त्या क्षणापासून कॅमेरा तिच्या उंचीवर न्या, आणि परत खाली आणू नका.

९. पात्राने थेट कॅमेऱ्यात बघावं का? नट तसं बघतो तेव्हा आम्ही टेक रद्द करतो.

बेसावधपणे बघितलं तर रद्द करा. जाणीवपूर्वक बघणं मात्र आपल्या सिनेमाइतकंच जुनं आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी थेट आपल्याकडे बघत एकेक भाव चेहऱ्यावर आणते. पुढे तीच बाळकृष्ण होते. देवळात मूर्ती आपल्याकडे बघते आणि आपण तिच्याकडे, म्हणूनच आपण त्याला दर्शन म्हणतो. फाळक्यांचा समोरासमोरचा कॅमेरा पाहिला की मला तेच आठवतं. त्याला नुसतं नाटकी म्हणणं अन्यायाचं आहे.

जोनाथन डेमी यांनी ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मध्ये (१९९१) हीच गोष्ट वेगळ्या कामाला लावली. नायिका क्लॅरिस एफबीआयची प्रशिक्षणार्थी आहे. तिच्याशी बोलणारे पुरुष जवळजवळ लेन्समध्येच बघतात. क्लॅरिस स्वतः मात्र लेन्सच्या किंचित बाजूला बघते. त्यामुळे आपण तिच्या जागी बसतो, आणि पुरुषांच्या त्या रोखलेल्या नजरा आपल्या अंगावर येतात.

आणि ‘फँड्री’ (२०१३). शेवटी शाळेजवळ डुकरामागे धावणाऱ्या जब्याच्या घरच्यांना अख्खा गाव बघतोय, हसतोय. आपणही तेच बघतोय, बराच वेळ, सुरक्षित अंतरावरून. मग जब्या दगड उचलतो आणि चिडवणाऱ्याच्या दिशेने भिरकावतो. दगड कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. नागराज मंजुळे यांनी तिथे कॅमेरा जब्याच्या पाठीमागे ठेवला असता, तर आपण त्याच्या बाजूचे म्हणून सुटलो असतो. समोर ठेवल्यामुळे आपण मजा बघणाऱ्यांत उभे राहतो. थिएटरात हा शेवट पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या ओळीतलं कुणीही लगेच उठलं नाही.

१०. एक्सिस जंप म्हणजे काय? तो चुकूनही करायचा नाही का?

समोरासमोर बोलणाऱ्या दोघांमध्ये एक रेघ कल्पा. कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला राहिला, तर एक पात्र कायम उजवीकडे बघेल आणि दुसरं डावीकडे. रेघ ओलांडली की दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात आणि प्रेक्षकाला क्षणभर कळत नाही की कोण कोणाशी बोलतंय. गोंधळ हवा असेल, एखादं नातं त्या क्षणी उलटं होत असेल, तर मुद्दाम ओलांडा. एरवी पाळा. नवशिक्यांच्या फुटेजमध्ये सर्वाधिक फेरशूट याच चुकीमुळे होतं.

११. लेन्सने अर्थ बदलतो की अँगलने?

दोन्हींनी, पण दोन्हींच्या मुळाशी अंतर आहे. नाक मोठं दिसतं ते कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ गेल्यामुळे. वाइड लेन्स लावली की आपण तेवढं जवळ जातो, म्हणून दोष लेन्सवर येतो. लांब लेन्स दूर उभं राहून वापरतो, म्हणून चेहरा आणि मागची भिंत एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात (प्रश्न ८). व्ही. शांताराम यांनी ‘अमृतमंथन’च्या (१९३४) हिंदी आवृत्तीत टेलिफोटो लेन्सवर राजगुरूच्या, म्हणजे चंद्रमोहन यांच्या, एका डोळ्याने पडदा भरून टाकला. प्रभातचा तो पुण्यात आल्यानंतरचा पहिला चित्रपट. बोललेल्या एका शब्दाविना त्या डोळ्यातला कर्मठपणा कळतो.

१२. कॅमेरा एका जागी ठेवून, अँगल न बदलता सिनेमा होतो का?

होतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ बघा. २०१४ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतांश स्थिर आणि लांब उभा असतो. न्यायाधीश, वकील, आरोपी शाहीर नारायण कांबळे, मागच्या बाकावरचे लोक, सगळे एकाच फ्रेममध्ये, कुणालाही जास्त मोठं न करता. चेहऱ्याजवळ जाऊन कुणाची बाजू घ्या, असं सांगितलं जात नाही. उन्हाळी सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो आणि कॅमेरा अंधारात तसाच थांबतो. एका माणसाचं आयुष्य टांगणीला लावून व्यवस्था घरी गेली, हे त्या थांबण्यातून समजतं. न हलणाऱ्या कॅमेऱ्यालाही अँगल असतो आणि तो इतका वेळ टिकवायचा तर जागा फार विचार करून निवडावी लागते.

१३. लावणी चित्रित करताना लो अँगल वापरला की तो अश्लील ठरतो का?

तमाशाच्या थिएटरात पुढच्या रांगेतला प्रेक्षक रंगमंचाच्या खालीच बसतो, त्यामुळे खालून बघणं ही तिथली खरी जागा आहे. नाचणारी बाई त्या अँगलने भव्यही दिसते. प्रश्न येतो तो तिचा चेहरा फ्रेमबाहेर ठेवून नुसती कंबर दाखवली की. १९७५ साली सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्वी यांनी पुरुषी नजरेवर जो निबंध लिहिला त्याचा गाभा हाच होता: पडद्यावर बघणारा कोण आणि बघितलं जाणारं कोण. सोपी कसोटी अशी, लावणीत ती प्रेक्षकाकडे बघते तो क्षण तुमच्या शॉटमध्ये आहे का? लावणीची अदा त्या उलट नजरेतच असते.

१४. डॉक्युमेंटरीत किंवा बातमीच्या व्हिडिओतही अँगलने अर्थ बदलतो का?

तिथे तर जास्तच, कारण बघणारा ते सत्य समजून बघतो. पुढारी स्टेजवर, म्हणून त्यांचा फोटो खालून. पूरग्रस्त जमिनीवर बसलेले, म्हणून त्यांचा फोटो वरून. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, फक्त कुणी गुडघ्यावर बसलेलं नसतं. माझी कळकळीची विनंती आहे: धान्याची पिशवी घ्यायला हात पुढे केलेल्या बाईचा फोटो काढायचाच असेल, तर तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर या. त्याला पाच सेकंद लागतात.

१५. दहा बाय दहाच्या खोलीत मोबाइलवर शूट करतोय. अँगल लावायला जागाच नाही, काय करू?

खोली लहान असेल तर दारात किंवा खिडकीबाहेर उभे राहा आणि चौकट फ्रेममध्ये येऊ द्या. लो अँगलमध्ये ट्यूबलाइट आणि पंखा येणारच, तेव्हा ते आधीच ठरवून घ्या (प्रश्न ५). उजेड ट्यूबऐवजी खिडकीतून घेता आला तर छत काळोखं राहतं आणि सुटसुटीत दिसतं. ट्रायपॉड नसेल तर पाट, डबे, तांदळाची पिशवी. पिशवीत मोबाइल घट्ट बसतो आणि मानही हवी तशी वळवता येते.

१६. स्क्रिप्टमध्ये अँगल लिहायचे का?

‘लो अँगल, क्लोजअप’ असं लिहू नका. त्याऐवजी काय दिसतं ते लिहा. ‘बाबा दारात येतात’ असं न लिहिता ‘पलंगाखाली लपलेल्या सोनूला दारातून फक्त बाबांच्या चपला दिसतात. एका चपलेचा अंगठा तुटलेला’ असं लिहिलंत, तर कॅमेरा कुठे ठेवायचा हे वाचणाऱ्याला विचारावं लागत नाही. तो स्वतःच फरशीवर आडवा होतो.